आधी गल्ली लिहा, मग थिएटर वाचवा: हॉवर्ड थिएटर, यू स्ट्रीट आणि आपल्याकडची जुनी रंगस्थळं

मराठवाड्यातल्या जुन्या टॉकीज, तमाशाची थिएटरं आणि जलशांची मैदानं एकेक करून चालली आहेत. एखादी पाडायला काढली की गाव हळहळतं, निवेदनं दिली जातात, वास्तू जतन करा म्हणून फलक लागतात. मागणी रास्त असते, पण अपुरी असते. जतन मागितलं जातं ते चार भिंतींचं. त्या भिंतींना ज्या गल्लीने जगवलं, तिची यादीसुद्धा कुणी केलेली नसते. हे का महागात पडतं, ते वॉशिंग्टनच्या हॉवर्ड थिएटरकडे पाहिलं की नीट कळतं.

हॉवर्ड थिएटर २२ ऑगस्ट १९१० रोजी टी स्ट्रीटवर, सातव्या रस्त्याच्या कोपऱ्याजवळ सुरू झालं. बाराशेच्या वर आसनं. शहराच्या मध्यवस्तीतल्या थिएटरांत कृष्णवर्णीयांना एकतर प्रवेशच नव्हता, नाहीतर सगळ्यात वरच्या गॅलरीत, वेगळ्या दाराने जाऊन बसावं लागे. हॉवर्डमध्ये ते खाली, रंगमंचासमोर बसू शकत होते. मालकी मात्र गोऱ्यांच्या कंपनीची होती, हेही लक्षात ठेवायला हवं. १९२९ च्या मंदीनंतर थिएटर बंद पडून काही काळ तिथे चर्च भरत होतं. १९३१ मध्ये शेप ॲलन या व्यवस्थापकाने ते पुन्हा उघडलं आणि पहिल्या खेळाला जॅझ वादक-संगीतकार ड्यूक एलिंग्टनला आणलं. एलिंग्टन १८९९ मध्ये याच शहरात जन्मला, याच भागात वाढला. म्हणजे गल्लीतलं पोर नाव काढून गल्लीत परत आलं, आणि त्याच्या नावावर थिएटर पुन्हा उभं राहिलं. हौशी कलाकारांच्या स्पर्धाही इथे होत. गायक बिली एकस्टाइन अशाच एका स्पर्धेतून पुढे आला.

आता गल्लीकडे येऊ, कारण खरा ऐवज तिथे आहे. हॉवर्डच्या अलीकडे-पलीकडे पसरलेल्या यू स्ट्रीटला लोक 'ब्लॅक ब्रॉडवे' म्हणत. १९०३ ची ट्रू रिफॉर्मर बिल्डिंग जॉन लँकफर्ड या कृष्णवर्णीय वास्तुविशारदाची. तिच्या सभागृहात तरुण एलिंग्टनने पैसे घेऊन वाजवायला सुरुवात केली. १९१२ मध्ये बाराव्या रस्त्यावर वाय. एम. सी. ए. उभी राहिली, तिचा आराखडा विल्यम सिडनी पिटमन यांचा. १९१३ मध्ये जॉन व्हाइटलॉ लुईस यांनी बचत बँक काढली आणि १९१९ मध्ये व्हाइटलॉ हॉटेल बांधलं. त्यात पैसा कृष्णवर्णीयांचा, आराखडा कृष्णवर्णीयाचा, बांधणारे हातही त्यांचेच. शहरातली इतर हॉटेलं या लोकांना खोली देत नव्हती. गायक कॅब कॅलोवे किंवा एलिंग्टनच्या तोडीचा कलाकारही रात्री खेळ संपवून झोपणार कुठे, हा प्रश्न या हॉटेलने सोडवला. १९२२ मध्ये लिंकन थिएटर आलं. १९२६ मध्ये अकराव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, औषधाच्या दुकानाखालच्या तळघरात गुहेसारखा सजवलेला जॅझ क्लब निघाला. १९५८ मध्ये एका जुन्या मूकपटगृहाच्या जागेत 'बेन्स चिली बोल' हे खाण्याचं दुकान सुरू झालं, ते आजही चालू आहे.

झोपणं, जेवण, बँक, तालमीची जागा, फोटो, सगळं चालत पंधरा मिनिटांत. तमाशाचा फड ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. नुसता बोर्ड मारून, म्हणजे नुसतं स्टेज बांधून बारी उभी राहत नाही. राहुटी, पाणी, भटारखाना, ढोलकीला शाई भरून देणारा, गॅसबत्तीचं मॅन्टल विकणारा आणि उधारीवर चहा देणारा लागतो. यातलं एकेक गळालं की फड त्या गावची सुपारी घेत नाही.

या सगळ्यांत एका दुकानाकडे मुद्दाम लक्ष द्यायला हवं. यू स्ट्रीटवर नवव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर ॲडिसन स्करलॉक यांनी १९११ मध्ये फोटो स्टुडिओ थाटला. पुढे रॉबर्ट आणि जॉर्ज ही त्यांची मुलं हाताशी आली आणि स्टुडिओ १९९४ पर्यंत चालला. लग्नं, पदवीदान, दुकानांची उद्घाटनं, हॉवर्ड विद्यापीठाचे समारंभ, थिएटरांसमोरची गर्दी, सगळं त्यांनी टिपलं. मुख्य म्हणजे त्यांनी निगेटिव्ह फेकल्या नाहीत. आज तो संग्रह स्मिथसोनियनच्या अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयात आहे. यू स्ट्रीटवर कोण कसे कपडे घालून कुठे उभं होतं हे आज सांगता येतं, ते या एका कुटुंबाने खोक्यांवर नावं नीट घातली म्हणून.

पडझड एका दिवसात झाली नाही. १९५० च्या दशकात मध्यवस्तीतली उपाहारगृहं आणि थिएटरं कायद्याने सर्वांना खुली झाली. न्याय मिळाला आणि त्याच वेळी गल्लीतलं गिऱ्हाईक पांगलं. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, त्या रात्री दंगल चौदाव्या रस्त्यावर आणि यू स्ट्रीटच्या नाक्यावरच पेटली. १९७० मध्ये हॉवर्ड बंद पडलं. १९७४ मध्ये त्याचं नाव ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत गेलं, पण यादीत नाव गेलं म्हणून छप्पर गळायचं थांबत नाही. सत्तरीच्या दशकात ते अधूनमधून उघडलं आणि मग दशकानुदशकं बंदच राहिलं. ऐंशीच्या दशकात मेट्रोच्या ग्रीन लाइनसाठी यू स्ट्रीट खोदला गेला. खोदकामाच्या वर्षांत गिऱ्हाईक दुकानापर्यंत पोचेना, आणि दंगलीतून तगलेली कित्येक दुकानं तेव्हा बसली. स्टेशन १९९१ मध्ये सुरू झालं, तोवर उशीर झाला होता. आपल्याकडे रस्ता रुंदीकरण आणि उड्डाणपूल नेमकं हेच करतात. नुकसान पाडलेल्या इमारतींत मोजलं जातं. दोन वर्षं उखडलेल्या रस्त्यामुळे बंद झालेली शिंप्याची आणि पेटी दुरुस्तीची दुकानं कुणी मोजत नाही.

एप्रिल २०१२ मध्ये सुमारे २ कोटी ९० लाख डॉलर खर्चून हॉवर्ड पुन्हा उघडलं. १९४१ मध्ये दर्शनी भागावर गिलावा चढवून त्याला सपाट, त्या काळचं आधुनिक रूप दिलं होतं. तो काढून १९१० चं नक्षीदार रूप परत आणलं. हे काम उत्तम झालं आहे. आतला बदल मात्र मला खटकतो. उतरत्या रांगांच्या जागी सपाट जमीन आणि टेबलं आली, बसून सुमारे ६५० माणसं आणि उभ्याने ११००. टेबलावर जेवण घेत ऐकणारा प्रेक्षक वेगळा, त्याला परवडणारं तिकीटही वेगळं. बाराशे खुर्च्यांच्या थिएटरात ज्याचं स्वस्त तिकीट होतं, तो शेजारी आता बाहेरच्या बाहेर राहतो. इमारत परत आली, तिचा प्रेक्षक आला नाही.

तो प्रेक्षक कुठे गेला, याचं उत्तर २०१९ मध्ये चार चौकांपलीकडेही शोधावं लागलं नाही. सातव्या रस्त्याच्या आणि फ्लोरिडा ॲव्हेन्यूच्या नाक्यावर, थिएटरपासून अगदी जवळ, एक मोबाइलचं दुकान वर्षानुवर्षं बाहेर स्पीकर लावून गो-गो वाजवत असे. गो-गो हे या शहराचंच संगीत, काँगा ड्रमच्या न थांबणाऱ्या ठेक्याचं. जवळच्या नव्या इमारतीतल्या रहिवाशाच्या तक्रारीवरून तो आवाज बंद करायला लावला. शेकडो लोक त्या नाक्यावर वाजवत-नाचत जमले आणि काही दिवसांत संगीत परत आलं. २०२० मध्ये गो-गोला शहराचं अधिकृत संगीत म्हणून कायद्याने मान्यता मिळाली. वारसा दोन फुटांच्या स्पीकरमध्येही असतो, आणि तो कुठल्याच वास्तूयादीत बसत नाही.

न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीचं उदाहरण थोडक्यात सांगतो. तिथल्या लाफायेट थिएटरसमोर सातव्या ॲव्हेन्यूवर एक एल्मचं झाड होतं. काम मिळावं म्हणून कलाकार त्याला हात लावत, त्याचं नावच 'ट्री ऑफ होप' पडलं. १९३४ मध्ये रस्ता रुंद करताना झाड तोडलं. त्याच वर्षी अपोलो थिएटर कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी नव्याने सुरू झालं होतं. त्या खोडाचा एक तुकडा अपोलोच्या रंगमंचावर, उभ्या चौथऱ्यावर बसवला. हौशी कलाकारांच्या रात्री आजही गाणारी पोरं प्रेक्षकांसमोर येताना त्यावर हात घासून पुढे जातात, आणि लाकडाचा माथा त्या हातांनी गुळगुळीत झाला आहे. लाफायेटची इमारत २०१३ मध्ये पाडली गेली. खोडाचा तुकडा राहिला, कारण तो वापरात राहिला. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, तिथून ही जागा दोन-अडीच किलोमीटरवर आहे, आणि कृष्णवर्णीयांना खालच्या आसनांवर बसू देणं लाफायेटने त्याच सुमारास सुरू केलं होतं.

मराठवाड्याला या वारशाशी नातं जोडायला ओढूनताणून काही करावं लागत नाही. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या नागसेनवनात मिलिंद महाविद्यालयाच्या मुलांनी प्राचार्य म. भि. चिटणीस यांचं नाटक पन्नाशीच्या दशकात उभं केलं, आणि दलित रंगभूमीचा इतिहास सांगताना आजही तिथून सुरुवात करतात. त्याच शहरातून गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' हे दलित साहित्याचं नियतकालिक चालवलं. लातूरच्या जनार्दन वाघमारे यांनी आफ्रिकन-अमेरिकन साहित्य मराठीत सविस्तर आणलं. नामांतराच्या वर्षांत गावोगावी जलसे झाले, ते ज्या चौकांत आणि समाजमंदिरांसमोर झाले त्या जागांचे साधे नकाशेही बहुतेक ठिकाणी नाहीत. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेत लावणी आणि तमाशा अजून भरतो, म्हणून तिथली माणसं आज भेटतात. इतर ठिकाणी घाई करायला हवी.

तर काम कसं करायचं. पहिला कागद म्हणजे सिटी सर्वेचा नकाशा आणि मिळकत पत्रिका. थिएटर मध्यभागी धरून चारी बाजूंना साधारण अडीचशे मीटर घ्या, एवढ्यात दोन माणसं तीन-चार दिवसांत घरोघर फिरू शकतात. प्रत्येक क्रमांकासमोर आज काय आहे, १९९० च्या सुमारास काय होतं आणि त्याआधी काय होतं, असे तीन रकाने ठेवा. सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख त्याच ओळीत लिहा, नाहीतर दोन माणसांच्या आठवणी एकमेकींवर चढतात आणि कोणती कुणाची ते नंतर सुटत नाही. सप्टेंबर १९४८ च्या आधीचे कागद निजामी राजवटीतले, म्हणजे बरेचसे उर्दूत आणि शिकस्ता, म्हणजे भराभर लिहिलेल्या जोडाक्षरी वळणाच्या लिपीत. ती वाचणारी म्हातारी माणसं जुन्या वकिलांच्या किंवा अर्जनविसांच्या घरी सापडतात. तारखा फसली सनात, म्हणजे निजामी महसुली वर्षात असतील तर त्यात साधारण ५९० मिळवा. महिन्याप्रमाणे एखाद्या वर्षाचा फरक पडतो, म्हणून मूळ फसली आकडाही तसाच उतरवून ठेवा.

दुसरं काम फोटोवाल्याकडे. गावातल्या सगळ्यात जुन्या स्टुडिओच्या माळ्यावर निगेटिव्हचे डबे असतात. मालक ते भंगारात देण्याच्या बेतात असतो, किंवा चांदी काढायला विकून मोकळा झालेला असतो. काचेच्या निगेटिव्ह एकावर एक रचायच्या नाहीत. खालच्या काचा वजनाने तडकतात. त्या लांब कडेवर उभ्या ठेवायच्या, प्रत्येक वेगळ्या कागदी पाकिटात. हातात धरताना कडेनेच धरा. चकचकीत बाजू काचेची असते, निस्तेज बाजूवर चित्र असतं. त्या बाजूला ओला फडका लागला की जिलेटिन फुगून सुटतं आणि चेहराच पुसला जातो. फिल्मच्या निगेटिव्हला व्हिनेगरसारखा आंबूस वास आला आणि ती वेडीवाकडी झाली असेल, तर तिचं ॲसिटेट सडायला लागलं आहे. ती बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा, कारण त्या वाफेने शेजारच्याही सडतात. स्कॅनिंग पहिलं तिचं. पिवळी पडलेली, चिकट झालेली फार जुनी फिल्म नायट्रेटची असू शकते आणि ती झपाट्याने पेटते. तिला बंद डब्यात, पत्र्याखाली, चैत्र-वैशाखाच्या उन्हात ठेवू नका.

स्कॅन करताना ३५ मिलिमीटरच्या फिल्मला किमान २४०० डीपीआय, चार बाय पाच इंचाच्या निगेटिव्हला १२००, छापील फोटोला ६०० पुरे होतं. फाइल टिफमध्ये ठेवा, जेपीजी फक्त वाटायला. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत ही प्रत नव्हे. पाठवतानाच ती दाबून लहान केलेली असते.

पोस्टर आणि हँडबिलं यांच्याबाबत एकच आग्रह आहे, आणि तो कितीही वेळा सांगितला तरी कमीच: लॅमिनेशन करू नका. उष्णतेने आणि डिंकाने ते कायमचं चिकटतं. कागदातलं आम्ल आत कोंडतं आणि पुढे लॅमिनेशन काढायला गेलं की छपाई प्लॅस्टिकबरोबर निघते. सेलोटेपही नको. बांधणीवाले मोरचूद घातलेली खळ वापरतात, तीही या कामाला नको. मोरचुदाने कसर लागत नाही हे खरं, पण त्यातलं तांबं कागद लवकर ठिसूळ करतं. फाटलेली कड गव्हाच्या सत्त्वाच्या पातळ खळीने आणि पातळ, लांब धाग्याच्या कागदाने मागून सांधता येते. ते जमत नसेल तर तसंच सपाट ठेवा, दोन जाड कोऱ्या कागदांमध्ये. कपाट पश्चिमेच्या भिंतीला लावू नका. आपल्याकडे मे महिन्यात ती भिंत रात्री दहापर्यंत तापलेली असते.

आवाजाचं ध्वनिमुद्रण मोबाइलवर चालेल, पण ते वेव्ह फाइलमध्ये घ्या. पंखा बंद करा आणि माइक तोंडापासून वीत-दीड वीत ठेवा. वीत-दीड वीत म्हणजे एवढं जवळ की ढोलकीवाला बोलता बोलता मांडीवर बोटांनी ठेका धरतो तोही त्यात येतो, आणि तो ठेकाच पुढे कामाला येतो. गाणं पूर्ण घ्या, गण, गौळण, वग ज्या क्रमाने गात त्याच क्रमाने. जलशाच्या आणि लावणीच्या शेवटच्या कडव्यात शाहिराची नाममुद्रा असते, ती नीट ऐका. पुढचे गाणारे तिथे स्वतःचं किंवा गुरूचं नाव घालतात आणि रचना दुसऱ्याच्या खात्यावर जाते. दोन-तीन गाणाऱ्यांकडून तेच पद घेतलं की मूळ नाव बहुधा यमकावरून सापडतं. घातलेलं नाव यमकात किंवा मात्रेत अडखळतं. परवानगी मुद्रणाच्या सुरुवातीलाच, त्यांच्याच आवाजात घ्या. तमाशा कलावंतांची माहिती आणि फोटो लोकांनी त्यांना न विचारता फार वापरले आहेत. कुणी नाव नको म्हटलं, तर नाव नको. फडमालकाआधी तिकीट खिडकीवरच्या, कनात बांधणाऱ्या आणि चहा पोचवणाऱ्या माणसाशी बोला. कोणत्या खेळाला किती गर्दी होती आणि बायका कुठे बसत, हे त्यांना फडमालकापेक्षा नेमकं ठाऊक असतं.

हे झाल्यावर इमारतीला हात लावायचा. तिथे सगळ्यात मोठी चूक गुत्तेदार पहिल्याच आठवड्यात करतो: दगड-चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटने ती वाट बंद झाली की ओल आत साठते, क्षार वर येतात, लोणा लागतो आणि दोन पावसाळ्यांत गिलाव्याची पापुद्री दगडाचा कण घेऊन निघते. चुना भिजवून किमान पंधरा दिवस, जमल्यास महिनाभर मुरवा. एक भाग चुना, दोन ते तीन भाग चाळलेली वाळू, ओलीची भिंत असेल तर वाळूतला काही भाग विटांच्या सुरकीने, म्हणजे भुकटीने बदला. गिलावा दहा-बारा दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवा. मराठवाड्याच्या उन्हात तो भराभर वाळला की केसासारख्या चिरा पडतात, म्हणून हे काम मार्च ते मे टाळलेलं बरं. छपराचं माळवद असेल तर गळती दिसते त्या जागी माती टाकत बसू नका. दर दुरुस्तीला माती चढत जाते, वजन वाढतं आणि सागाची तुळई भिंतीत शिरते तिथेच कुजून मोडते. आधी पन्हळ मोकळी करा, मग जुनी माती उतरवून तुळईची टोकं पोकळ वाजतात का ते लाकडी हातोडीने ठोकून पाहा. पत्र्याच्या टॉकीजला छप्पर पेलणाऱ्या लोखंडी कैच्यांचे पाय भिंतीवर बसतात तिथला गंज पाहा. बाकी पत्रा बदलता येतो.

दर्शनी भाग जुन्या रूपात परत आणायचा असेल तर मोजमापाला फोटो लागतो. फोटोत माहीत असलेलं एक माप शोधा, दाराची चौकट, विटेचा थर किंवा पायरीची उंची, आणि त्यावरून बाकीचं काढा. तिरक्या कोनातून घेतलेल्या फोटोवरून मापं चुकतात, समोरून घेतलेला एक तरी मिळवा. म्हणून फोटोवाल्याचं काम आधी. गवंडी येऊन बसल्यावर माळा शोधायला गेलं, की निगेटिव्हचे डबे हमखास गेलेले असतात.

आणि डबे मिळालेच, तर पाकिटावर नाव, जागा, साल मऊ पेन्सिलीने लिहा, निगेटिव्ह आत घालण्याच्या आधी. भरलेल्या पाकिटावर लिहिलं तर पेन्सिलीचा दाब आत चित्रावर उमटतो.